आरएसला १८ इंची बाहेरची चाकं: ईटी ३५ की ४५?

चाकोरीबाहेर | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न जुनाच आहे: कंपनीच्या चाकांऐवजी बाहेरची, म्हणजे बाजारातली, लावताना ईटी (ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं तो आकडा) कुठला घ्यायचा? पण जुने धागे चाळून डोकं आणखी भंजाळलं, म्हणून नवा काढतोय.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० ची. भारतात दोनशेच आल्या होत्या, त्यातली एक गेल्या दिवाळीत सेकंडहँड हाती लागली. २४५ पीएस ताकद, ३७० एनएम टॉर्क, आणि हे सगळं पुढच्या दोन चाकांवर. कंपनीची चाकं १८ x ७.५जे (व्यास १८ इंच, रुंदी ७.५), ईटी ५१, टायर २२५/४० आर१८. पहिल्या मालकाने चारही रिम फुटपाथला घासून ठेवल्यात आणि मी सिंहगड रोडला एका खड्ड्यात मागचं डावं आतून वाकवलंय. ८० च्या पुढे मागून घुंई-घुंई सुरू होते. बायको म्हणते, गाडीत भुंगा शिरलाय.

पुण्यातल्या एका दुकानात १८ x ८जे, ५ x ११२, फ्लो-फॉर्म्ड चाकं बघितली. डिझाइन आवडलं. ईटी ३५ तयार आहे, आज पैसे द्या आणि आज लावून जा. ईटी ४५ हवा तर तीन आठवडे थांबा. दुकानदार म्हणतो, "साहेब, ३५ च घ्या, गाडी रुंद दिसते, बसल्यासारखी."

वापर: रोज वाकड ते हिंजवडी, रविवारी ताम्हिणी, वर्षातून दोनदा सहकुटुंब सहसामान कोकण. काय करू?

आबा | सोमवार, रात्री १०:२०

गाडी घेतली तेव्हा चाकं नव्हती का तिला?

चाकोरीबाहेर | सोमवार, रात्री १०:२३

आबा, तुम्ही याल हे माहीतच होतं.

पानाबारा | सोमवार, रात्री ११:०५

नाशिकला माझं छोटं गॅरेज आहे, महिन्यातून चार-पाच संच तरी हाताखालून जातात. दुकानदाराचं सोडा, कागद-पेन्सिल घ्या.

७.५ इंच म्हणजे १९०.५ मिमी. अर्धे ९५.२५. ईटी ५१ म्हणजे चाकाचा हबला (गाडीचा ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून ५१ मिमी बाहेरच्या अंगाला. म्हणून हबपासून रिमची बाहेरची कड ९५.२५ उणे ५१, म्हणजे ४४.२५ मिमी. आतली कड ९५.२५ अधिक ५१, म्हणजे १४६.२५.

आता ८जे. २०३.२ मिमी, अर्धे १०१.६. ईटी ४५ ला बाहेरची कड ५६.६, आतली १४६.६. म्हणजे आत जवळजवळ जैसे थे, बाहेर १२ मिमी जास्त. ईटी ३५ ला बाहेरची कड ६६.६. मूळच्यापेक्षा २२ मिमी बाहेर!

एका बाजूला २२ मिमी म्हणजे एका बोटापेक्षाही जास्त. एकटे बसून वाकडला फिरलात तर काही होणार नाही. मागे दोन माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि वरंध्यातला एखादा खोलगट पॅच, की मागच्या मडगार्डची आतली कड टायरचा खांदा सोलून काढणार. ४५ घ्या, थांबा तीन आठवडे.

आणखी एक. भोक किती आहे? मधलं. ऑक्टाव्हियाच्या हबला ५७.१ लागतं.

चाकोरीबाहेर | सोमवार, रात्री ११:१८

७३.१ लिहिलंय. पण दुकानदार म्हणाला त्याने काही फरक पडत नाही, बोल्ट आवळले की झालं.

पानाबारा | सोमवार, रात्री ११:२०

फरक पडतो. भोक आणि हब यांतली पोकळी भरणाऱ्या रिंगा मागून घ्या, ७३.१ ते ५७.१. विसरू नका.

रॅलीवाली | मंगळवार, सकाळी ७:५०

पानाबारा यांचं गणित बरोबर आहे, पण सगळे फक्त "घासेल का" एवढंच बघतात. घासलं नाही तरी ३५ घेऊ नका, कारण तुमची गाडी स्टिअरिंगमध्ये बिघडेल.

पुढचं चाक ज्या तिरक्या आसाभोवती वळतं, तो आस जमिनीला एका बिंदूत टेकतो असं समजा. तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य यांत जे अंतर असतं, ते कंपनीने मिलिमीटर मोजून ठरवलेलं असतं. ३५ घेतलात तर टायरचा मध्य १६ मिमी बाहेर सरकतो. म्हणजे रस्त्याकडून स्टिअरिंगला बसणाऱ्या धक्क्यासाठी तुम्ही तरफ लांब केलीत. २४५ मध्ये पुढच्या अ‍ॅक्सलला इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आहे, वळणात ते बाहेरच्या चाकाकडे ताकद ढकलतं. आधीच स्टिअरिंग हातात थोडं वळवळतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ताम्हिणीत एक चाक वाळूवर आणि एक डांबरावर असताना तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की ३५ ची किंमत मनगटाला कळेल. बेअरिंगवरचा ताणही वाढतो, तो वेगळाच.

ईटी ४५ ला हेच सरकणं ६ मिमी. चालतं.

नेकारकाठचा | मंगळवार, दुपारी १:३०

स्टुटगार्टहून. इथे हा धागा निघालाच नसता, कारण ३५ की ४५ हे आपण ठरवत नाही. चाकाबरोबर कागद येतो, त्यात कुठल्या गाडीला, कुठल्या टायरबरोबर, काय अटींवर ते चाक चालेल हे छापलेलं असतं. कागदात गाडी नसेल, किंवा अट असेल, तर ट्यूफसारख्या तपासणी संस्थेच्या माणसाकडे गाडी न्यायची. तो चाकाखाली उंचवटा घालून सस्पेन्शन दाबतो, स्टिअरिंग पूर्ण फिरवतो, घासलं की घरी परत. मडगार्डचा नियम तर फारच गमतीचा: चाकाच्या मध्यापासून वर उभी रेघ काढा. त्या रेघेच्या ३० अंश पुढे आणि ५० अंश मागे एवढ्या भागात टायरचा पट्टा बॉडीने झाकलेला पाहिजे. माझ्या गोल्फ गाडीच्या वेळी तपासनिसाने खरंच मागे उभं राहून बघितलं होतं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. त्या कागदात बोल्टबद्दल एक ओळ असते: एम१४ x १.५ चा बोल्ट कमीत कमी साडेसात फेऱ्या आत गेला पाहिजे. हाताने, मोजून. बाहेरच्या चाकाची बोल्टखालची जाडी वेगळी असते, त्यामुळे कंपनीचा बोल्ट आखूड पडू शकतो. लावताना मोजा.

आबा | मंगळवार, दुपारी १:४१

जर्मनीत फेऱ्या मोजतात. आमच्याकडे पंक्चरवाला पायाने पाना दाबतो आणि "हां" म्हणतो. त्याचं काय?

निवृत्त_सर्व्हेअर | मंगळवार, दुपारी ४:१५

कायद्याचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदलाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. माझ्या स्वतःच्या आरसीवर रिमचा इंच लिहिलेला नाही, त्यामुळे चार इंच बाहेर आलेली चाकं सोडली तर चौकातला हवालदार सहसा बघत नाही. पण क्लेमच्या वेळी मी बघत होतो. अपघात चाकामुळे झाला असा वास जरी आला तरी फाइल लांबते. विमा कंपनीला लेखी कळवा, बिल जपून ठेवा, चाकं वेगळी दाखवून त्यांचा प्रीमियम भरा. आणि रिमवर आयएस १६१९२ चा आयएसआय शिक्का आहे का ते पाहा.

ओतारी | मंगळवार, रात्री ९:३०

शिक्क्यावरून आठवलं. मी कोल्हापूरचा, फाउंड्रीत आहे, ओतकाम अ‍ॅल्युमिनियमचं. "फ्लो-फॉर्म्ड" हा शब्द हल्ली प्रत्येक दुकानात ऐकू येतो, म्हणून जरा सविस्तर.

साधं अलॉय चाक म्हणजे ए३५६ जातीचं अ‍ॅल्युमिनियम, त्यात ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, साच्यात ओतलेलं. फ्लो-फॉर्मिंगमध्ये चाक आधी थोडं जाडजूड ओततात. मग तापवून फिरवतात आणि रोलर दाबून पिंपासारखा बाहेरचा भाग ताणून पातळ करतात. कुंभार गाडग्याची भिंत वर काढतो ना, तसंच. मधली ताटली आणि स्पोक मात्र ओतलेलेच राहतात. म्हणून पिंप हलकं आणि चिवट, पण दर्शनी भाग साध्या ओतकामासारखाच. फोर्ज्ड ही तिसरीच जात, तिथे ठोकळा प्रेसखाली दाबतात. रेज कंपनीचं १९९६ पासूनचं टीई३७ त्या जातीचं, आणि त्याच्या नकला बाजारात टीई३७ पेक्षा जास्त फिरतात.

यानंतर उष्णता-उपचार. साधारण ५४० अंशाला तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग १५० ते १७० अंशाच्या भट्टीत काही तास मुरवायचं. चाकाची ताकद या मुरवण्यात आहे. आता दोन गोष्टी लक्षात येतील. एक, वाकलेलं रिम गॅस कटरच्या ज्योतीने तापवून सरळ करणारा कारागीर नेमकी हीच मुरवण उतरवतो. दोन, तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून "नव्यासारखं" मिळतं तेव्हा वेल्डच्या दोन्ही बाजूंची पट्टी मऊ झालेली असते. वाकलेलं एक वेळ थंडच, हायड्रॉलिकवर, हळूहळू सरळ करून घ्या. तडा गेलेलं भंगारात. मी तरी स्वतःच्या पोराला वेल्ड केलेल्या चाकाच्या गाडीत बसवणार नाही.

रिमच्या मागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे जपानी शिक्के शोधा. पहिला म्हणजे बनवणाऱ्याचं म्हणणं की चाक त्या मानकात बसतं, दुसरा म्हणजे ते बाहेरच्या संस्थेने तपासलं. तसंच प्रत्येक चाक किती भार घेतं ते किलोमध्ये ओतलेलं असतं. तुमच्या टायरचा लोड इंडेक्स ९२ असेल तर तो टायर ६३० किलो घेतो. रिमने त्याहून कमी घेऊन कसं चालेल?

घाटातला | मंगळवार, रात्री १०:०२

वाखूसा (वाचनखूण साठवली). ओतारी, असे प्रतिसाद आले की या संस्थळावर यायचं सार्थक होतं.

पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास (५ x ११२ मधला ११२), नीट बघा हो. माझ्या मावसभावाला ११२ च्या गाडीवर ११४.३ ची चाकं लावून दिली होती. "दोन मिलिमीटरने काय होतंय, बसतंय की." बसतं खरं! बोल्ट तिरके ओढून घेतात. कराडच्या पुढे बोल्टचं डोकंच उडालं. सुदैवाने एकच.

पाच भोकांचा पीसीडी मोजायला टेप समोरासमोर लावता येत नाही, कारण समोर भोकच नसतं. शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या आणि १.७ ने गुणा. ११२ ला ते अंतर ६५.८ मिमी येतं, ११४.३ ला ६७.२. दीड मिलिमीटरसुद्धा फरक नाही, डोळ्याला दिसत नाही. व्हर्नियर न्या.

चाकोरीबाहेर | बुधवार, सकाळी ९:१०

सगळ्यांना दंडवत. ठरलं, ईटी ४५. आगाऊ दिले. व्हर्नियर घेऊन गेलो तर दुकानातला पोरगा माझ्याकडे बँकेचा इन्स्पेक्टर आल्यासारखा बघत होता. ६५.८ भरलं. आयएसआय, जेडब्ल्यूएल, व्हीआयए तिन्ही आहेत, भार ६९० किलो.

आबा | बुधवार, सकाळी ९:१५

मुलगी बघायला गेलात तेव्हाही व्हर्नियर नेला होता का?

चाकोरीबाहेर | (साडेतीन आठवड्यांनी) रविवार, संध्याकाळी ६:४०

बसवली. दिसतात झक्कास. आणि गाडी थरथरते.

९० पर्यंत लोण्यासारखी. ९५ ला स्टिअरिंगमध्ये बारीक कापरं सुरू होतं, १०५ ला आरशात मागच्या ट्रकच्या दोन प्रती दिसतात, ११० ला पुन्हा थोडं कमी. ब्रेक मारताना वेगळं काही नाही. दुकानात परत गेलो, बॅलन्सिंग केलं, मशिनवर चारही शून्य. पुन्हा एक्सप्रेसवेला गेलो, तेच. पुन्हा दुकानात. पुन्हा शून्य. आता म्हणतो टायर खराब असतील. टायर तेच आहेत, आधीच्या पुढच्या चाकांवर ठणठणीत होते.

रिंगांचं विचारलं तर म्हणे, "जर्मन गाड्यांना लागत नाहीत."

पानाबारा | रविवार, संध्याकाळी ७:०५

मशिनवर शून्य येणारच! बॅलन्सिंगचं मशिन चाकाला मधल्या भोकातून शंकू घालून धरतं. त्याच्यावर चाक बरोबर मध्यात असतं. गाडीवर तुमचं ७३.१ चं भोक ५७.१ च्या हबवर आहे, चहूबाजूंनी ८ मिमी मोकळं. जॅकवर चाक लावताना ते स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं, आणि बोल्टांनी ते मध्यात नीट आणलं नाही तर तसंच, अर्धा-पाव मिलिमीटर खाली, आवळलं जातं. मशिन खोटं बोलत नाही, त्याला वेगळाच प्रश्न विचारलाय.

पण मला रिंगांपेक्षा दुसरी शंका येतेय. बोल्ट कुठले लावलेत? त्यांनी नवे दिले की तुमचेच जुने?

चाकोरीबाहेर | रविवार, संध्याकाळी ७:११

जुनेच असावेत. नव्याचं काही बिल नाही.

पानाबारा | रविवार, संध्याकाळी ७:१४

आत्ताच्या आत्ता गाडी सपाट जागी लावा, एक बोल्ट काढा आणि फोटो टाका. तोवर एक्सप्रेसवे बंद.

चाकोरीबाहेर | रविवार, रात्री ८:३०

पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात काढला. फोटो चढवला आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी: बोल्टच्या डोक्याखालचा भाग गोलाकार आहे, अर्ध्या गोटीसारखा. त्या गोलाईवर सगळीकडे काळपट, आणि मधोमध फक्त एक केसाएवढी चकचकीत रेघ, गोल फिरलेली. चाकाच्या बोल्टच्या भोकात बघितलं तर आतली बैठक (बोल्टचं डोकं टेकतं ती जागा) सरळ उतरती, नरसाळ्यासारखी. तिच्यावरही तशीच एक बारीक रेघ, आणि एका बाजूला जरा जास्त खोल गेलेली.

परत लावताना हाताने फेऱ्या मोजल्या. साडेपाच.

मग टॉर्क पान्याने (शेजाऱ्याचा) १२० वर सगळे तपासले. वीसपैकी सहा बोल्ट क्लिक व्हायच्या आधी फिरले. दोन तर पाव फेरी. गाडी ३०० किलोमीटरसुद्धा चालली नाहीये.

पानाबारा | रविवार, रात्री ८:४४

हेच. तुमच्या स्कोडासकट फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांच्या कंपनीच्या चाकांची बैठक गोल असते, म्हणून बोल्टही गोल डोक्याचा, बॉल सीट. बाहेरची बहुतेक चाकं शंकूच्या बैठकीची, ६० अंश. गोटी नरसाळ्यात ठेवा. टेकते, पण किती? एका रेघेवर. तुम्ही १२० एनएम लावलेत ते सगळं त्या केसाएवढ्या रेघेवर आलं. मऊ अ‍ॅल्युमिनियम तिथे दबलं, बोल्टमधला ताण गेला, बोल्ट सैल. आणि गोटी शंकूत चाकाला मध्यात आणत नाही, जिथे लोंबत होतं तिथेच धरून ठेवते. त्यात फेऱ्या साडेपाच. नेकारकाठच्या भाऊंनी साडेसात सांगितल्या होत्या.

शंकूच्या डोक्याचे, ६० अंशाचे, एम१४ x १.५, दोन-तीन फेऱ्या जास्त जातील एवढ्या लांबीचे वीस बोल्ट घ्या. तुमच्या २७ मिमीच्या जागी ३२ घेतलेत तर पावणेनऊच्या आसपास फेऱ्या होतील. फार लांबही नकोत. मागून बाहेर येऊन काही घासू शकतात, म्हणून आवळल्यावर जॅकवरच चाक हाताने पूर्ण फिरवून आवाज ऐका. आणि रिंगा.

रॅलीवाली | रविवार, रात्री ९:०२

महिनाभर आपण ईटीवर पानंच्या पानं लिहिली आणि खोट निघाली बोल्टात. मीही विचारलं नव्हतं, माझी चूक.

रिंगा प्लास्टिकच्या घेऊ नका, घाटात डिस्क तापली की मऊ पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या आणि हबवर अगदी पुसटसं ग्रीस लावा, नाहीतर एका पावसाळ्यानंतर चाक निघणार नाही.

घाटातला | रविवार, रात्री ९:२०

पण गाडीचा भार रिंगेवर येतो ना? मग प्लास्टिकची फुटेलच.

ओतारी | रविवार, रात्री ९:४१

नाही येत. हा गैरसमज फार आहे. बोल्ट चाकाला हबवर दाबतात, आणि त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण होतं ते भार पेलतं. बोल्टसुद्धा आडवा भार घेत नाही, घेत असेल तर तो सैल आहे. रिंगेचं काम लावताना मध्य धरून देणं. एकदा १२० ने आवळलं की ती आत आरामात बसून असते. म्हणूनच हबचा चेहरा तारेच्या ब्रशने गंज काढून साफ करा. गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा जाड थर मध्ये राहिला की तोच पुढे दबतो, आणि बोल्ट पुन्हा ढिले.

निवृत्त_सर्व्हेअर | रविवार, रात्री १०:००

तो टॉर्क पाना शेजाऱ्याला परत करू नका इतक्यात.

चाकोरीबाहेर | (पुढचा) शनिवार, रात्री ९:५५

झालं एकदाचं.

बोल्ट मुंबईहून मागवले, ३२ मिमी, शंकूचे, साडेतीन हजारांना वीस. रिंगा बाराशेला चार. म्हणजे चाकांच्या किमतीच्या वीसाव्या भागापेक्षाही कमी. दुकानात गेलो नाही. आज सकाळी चहा घेऊन पार्किंगमध्येच बसलो. एकेक चाक उतरवलं, हब घासला, रिंग आत ढकलली. "टक्" असा आवाज झाला आणि चाक हात सोडला तरी हबवर आपोआप मध्यात उभं राहिलं. आधी ते लोंबायचं, हा फरक हातालाच कळला. बैठकीवर दबलेल्या रेघा फार खोल नव्हत्या, ओतारींना फोटो पाठवून विचारून घेतलं. बोल्ट हाताने पावणेनऊ फेऱ्या. ताऱ्याच्या क्रमाने आधी हलके, मग चाक जमिनीला टेकवून १२०. टायर प्रेशरची इंडिकेशन सिस्टिम नव्याने सेट केली, कारण ती एबीएसच्या सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा फरक ओळखते.

बाथरूमच्या काट्यावर वजन केलं: जुनं चाक टायरसकट २२ किलो, नवं साडेएकोणीस. चौघांचे मिळून १० किलो गेले. वेगात फरक पडल्याचं मी सांगणार नाही, मला तेवढं कळत नाही. पण खराब पॅचवर मागचं चाक आधी "धड" करायचं, आता "टप" करतं.

मग एक्सप्रेसवे. ९५, १००, आणि तिथेच थांबलो, मर्यादा तेवढीच आहे. स्टिअरिंग मेल्यासारखं शांत. येताना घरच्या चौघांना आणि चार बॅगा घेऊन सोसायटीच्या त्या राक्षसी स्पीडब्रेकरवर मुद्दाम गेलो. मागे टायरवर आधीच खडूची रेघ ओढली होती. रेघ शाबूत. पानाबारा, पुढच्या नाशिक फेरीत मिसळ माझ्याकडून.

८० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला. एकही बोल्ट हलला नाही.

नेकारकाठचा | शनिवार, रात्री १०:३०

अभिनंदन. इथला तपासनीस असता तर त्यालाही खडूची रेघ आवडली असती.

आबा | शनिवार, रात्री १०:४२

मला एक अडाणी प्रश्न आहे. डिकीतली स्टेपनी कंपनीची आहे ना? रात्री बारा वाजता वरंध्यात पंक्चर झालं, तर तिला कुठले बोल्ट लावणार?

पानाबारा | शनिवार, रात्री १०:४५

आबा!!

रॅलीवाली | शनिवार, रात्री १०:४७

आबांना महिन्याभराचे सगळे टोमणे माफ.

चाकोरीबाहेर, स्टेपनीची बैठक गोल. तुमचे नवे शंकूचे बोल्ट तिला चालणार नाहीत, शिवाय लांबही पडतील. जुन्यातले पाच कायम डिकीत पाहिजेत. जुने तुमच्याकडेच आहेत ना?

चाकोरीबाहेर | शनिवार, रात्री ११:२०

आहेत, आहेत. आज चाकांतून निघालेले वीसच्या वीस बाल्कनीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात होते. आता खाली जाऊन आलो. पाच निवडले, डोकी पुसली, जुन्या पायमोज्यात घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवले. वर चिठ्ठी लावली: "स्टेपनीसाठी. गोल."

आबा | शनिवार, रात्री ११:२६

मोजा धुतलेला होता का?